सोल्डरिंग शिकताय? आधी प्लग उघडा

सोल्डरिंग शिकायला येणारी मुलं पहिला प्रश्न आयर्नचाच विचारतात. "मॅडम, किती वॅटचं घेऊ?" साध्या सर्किटला २५ वॅटचं पुरतं. पण ते सांगण्याआधी मी त्यांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देते आणि म्हणते, जे आयर्न आणलंयस त्याचा प्लग उघडून दाखव. मुलांना हे विचित्र वाटतं. शिकायचंय तापलेल्या टोकाशी काम करायला, आणि बाई बघतायत दुसरं टोक!

माझ्या मामाचं सांगलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मी तिथंच शिकले. कॉलेजात असताना स्वतःसाठी म्हणून एक आयर्न विकत घेतलं. दिसायला ठीक होतं, तीन पिनांचा प्लग होता, दुकानदारानं "अर्थिंगवालं आहे" असं सांगून दिलं होतं. पावसाळ्याचे दिवस, दुकानातली फरशी ओलसर, पायात चप्पल नाही. डाव्या हातातल्या धातूच्या चिमट्यानं मी एक वायर धरली होती. आयर्नचं बिट, म्हणजे तापणारं टोक, त्या वायरला टेकलं आणि झटका थेट खांद्यापर्यंत गेला. आयर्न हातातून उडालं, ते सुदैवानं टेबलाच्या मागं पडलं. मामानं आधी बटण बंद केलं, मग मला पाणी दिलं आणि मग प्लग उघडला. आत पिना तीन, वायरी दोन. अर्थच्या जाड पिनेला काहीच जोडलेलं नव्हतं. ती नुसती शोभेला होती.

आयर्नच्या आत तापणारी तार असते आणि तिच्या व बाहेरच्या धातूच्या नळीच्या मध्ये अभ्रकाचा पातळ थर असतो. नवं असताना हा थर वीज अडवतो. वापरून वापरून तो फुटतो, दमट हवेत ओल धरतो, आणि वीज नळीत, तिथून बिटात उतरते. अर्थची वायर जागेवर असेल तर ही वीज जमिनीत निघून जाते. नसेल तर ती वाट शोधते, आणि त्या वाटेवर तुमचा हात असतो. म्हणून नवं असो की जुनं, आयर्न सॉकेटला लावण्याआधी, ते थंड असताना, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक प्रोब प्लगच्या जाड पिनेला, दुसरा बिटाला. बीप वाजला पाहिजे. नाही वाजला तर ते आयर्न परत करा. काही प्लग साच्यातलेच असतात, उघडत नाहीत. तिथं ही चाचणी एवढाच मार्ग. दोन पिनांची स्वस्त आयर्नंही सर्रास मिळतात. माझ्याकडं शिकणाऱ्यांना मी ती वापरू देत नाही. आणि घरातल्या सॉकेटला मुळात अर्थ आहे का, हे एकदा इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पुरवठा तोडणारं बटण, बसवलेली असेल तर फारच चांगलं.

इतकी वर्षं शिकवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: ज्या सवयीनं हात वाचतो, त्याच सवयीनं जोड पक्का होतो. सुरक्षिततेचे नियम वेगळे आणि चांगलं काम करण्याचे नियम वेगळे, असं या कामात नाही. ज्याचा पीसीबी टेबलावर हलत असतो, त्याचीच बोटं पोळतात आणि त्याचेच जोड ड्राय सोल्डर होतात.

हे जरा नीट उलगडते. नेहमीच्या ६०/४० तारेत साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं असतं. ती १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. थंड होताना याच दोन आकड्यांच्या मधल्या क्षणात ती ना पातळ असते ना घट्ट. त्या क्षणी वायर हलली की जोड भुरकट, खडबडीत दिसतो. वरून चिकटलेला वाटतो, पण आत भेग असते. रेडिओ चापट मारल्यावर चालू होतो, त्याचं कारण बहुतेक वेळा असा एखादा जोड असतो. ६३/३७ ची तार घेतली तर ती १८३ ला थेट वितळते आणि तिथंच घट्ट होते, म्हणून नवशिक्याला मी तीच सुचवते. किंमत थोडी जास्त पडते, पण शिकताना हात थरथरतो तेव्हा तिचा उपयोग कळतो.

आता जोड कसा करायचा ते. आधी बोर्ड शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये पक्का धरा. दोन्हीही नसेल तर लाकडी फळीवर चार खिळे ठोकून त्यांच्यात अडकवा. बिट ओल्या स्पंजवर पुसा आणि त्यावर सोल्डरचा अगदी पातळ थर येऊ द्या, चकचकीत दिसेल इतकाच. मग बिट अशा कोनात टेकवा की ते पॅडलाही लागेल आणि पार्टच्या पायालाही. एखादा सेकंद थांबा. आता तार बिटाला न लावता दुसऱ्या बाजूनं पायाला लावा. पाय तापला असेल तर सोल्डर स्वतःहून पळत पॅडभर पसरतं. ते पसरताना बघण्यात मला अजूनही आनंद होतो. आधी तार काढा, मग बिट काढा, आणि जोड घट्ट होईपर्यंत बोर्डाला हात लावू नका. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांचं काम. चांगला जोड पायाच्या कडेनं आत वळलेला, चकाकणारा दिसतो. फुगलेला गोळा दिसला तर सोल्डर जास्त झालंय किंवा पॅड तापलंच नाही.

बहुतेक मुलं तार बिटावर वितळवतात आणि मग तो थेंब उचलून पार्टवर नेऊन ठेवतात. त्यात तारेच्या पोटातली राळ वाटेतच जळून जाते, आणि धातूवरचा गंज काढायचं काम तिचंच असतं. जोड कच्चा राहतो. वर वितळलेला थेंब हवेतून नेताना तो मांडीवर पडायची शक्यता, तीही वेगळीच.

डोळ्यांची काळजी कुणीच मनावर घेत नाही, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. पार्ट काढताना त्याचा पाय वाकवलेला असतो, म्हणजे त्याच्यात स्प्रिंगसारखा ताण असतो. सोल्डर वितळलं, तुम्ही चिमट्यानं ओढलं, पाय सुटला की तो फटकन सरळ होतो आणि टोकाला असलेला वितळलेला थेंब वर उडतो. बोर्डावर वाकलेला चेहरा असतो वीतभर अंतरावर. एका मुलीच्या चष्म्याच्या काचेवर असा थेंब येऊन बसलेला मी पाहिला आहे. खरवडून काढल्यावर काचेवर खड्डा राहिला होता. चष्मा नसता तर तो थेंब बुबुळावर बसला असता. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर चष्म्याशिवाय कुणी बसत नाही, नंबर असो वा नसो. नंबर नसणाऱ्यांसाठी साधे प्लास्टिकचे सेफ्टी गॉगल ठेवलेत. कटरनं जादा पाय कापतानाही तेच; तुकडा गोळीसारखा सुटतो. कापताना दुसऱ्या हाताची बोटं त्या पायावर ठेवावीत.

धुराबद्दल एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, धूर शिशाचा असतो. शिसं उकळायला १,७४९ अंश लागतात आणि बिट असतं साडेतीनशेच्या आसपास, तेव्हा शिशाची वाफ होत नाही. धूर राळेचा असतो. पण म्हणून तो निरुपद्रवी नाही. ब्रिटनची हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह ही सरकारी संस्था राळेच्या धुराला कामातून होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत धरते. आणि एकदा का शरीर या धुराला बिथरलं की पुढं थोडा धूरही सोसत नाही. खिडकीजवळ बसा. तोंड धुराच्या रेषेत आणू नका, जरा बाजूनं बघा. छताचा पंखा लावला तर बिट थंड पडतं आणि धूर खोलीभर फिरतो. त्यापेक्षा टेबलावर एक छोटा पंखा असा ठेवा की तो धूर ओढून खिडकीकडं नेईल.

मग शिसं शरीरात जातं कुठून? हातावरून तोंडात. मामाच्या दुकानात दोन हात कमी पडले की कारागीर सोल्डरची तार सरळ दातात धरायचे. मीही लहानपणी ते पाहून तसंच करायचे, आणि मामीनं ते बघितल्यावर आम्हा सगळ्यांना मिळून जे सुनावलं होतं ते योग्यच होतं. शिशाचं सुरक्षित असं प्रमाण माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचा सर्वांत जास्त त्रास लहान मुलांना आणि गर्भातल्या बाळाला होतो. काम करताना चहा-बिस्कीट टेबलावर नको. काम झालं की साबणानं हात धुवा, टेबल ओल्या फडक्यानं पुसा, झाडू नका. जेवणाच्या टेबलावर हे काम अजिबात करू नका. घरात रांगणारं मूल असेल तर शिसं नसलेली तार घ्या. ती २१७ अंशांच्या वर वितळते, तिला जरा जास्त उष्णता आणि सराव लागतो.

फ्लक्सबद्दलही, म्हणजे धातूवरचा गंज काढणाऱ्या पदार्थाबद्दलही, सांगायला हवं. घरात जुना नवसागर पडलेला असतो, कल्हईवाला भांड्याला लावायचा तो. पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्टही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. भांड्याला आणि पत्र्याला हे ठीक आहे. सर्किटला लावलं की मागं राहिलेला क्षार ओल धरतो आणि काही महिन्यांत तांब्याचा ट्रॅक हिरवा पडून तुटतो. इलेक्ट्रॉनिक्सला फक्त राळेचा फ्लक्स.

गेल्या काही वर्षांत बरेच तरुण, बचत गटातल्या बायका एलईडी बल्ब दुरुस्तीचं काम शिकतायत. चांगलं काम आहे, चार पैसे मिळतात, कचरा कमी होतो. पण इथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. स्वस्त बल्बच्या ड्रायव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, घरातली २३० व्होल्टची वीज थेट त्या सर्किटमध्ये येते. बल्ब चालू असताना एलईडीच्या प्लेटवरच्या कुठल्याही टाक्याला बोट लागलं तर ते मेनच्या वायरीला लागल्यासारखंच आहे. शिवाय २३० व्होल्टचं डीसी झालं की कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट उभे राहतात आणि वीज बंद केल्यावरही काही काळ तिथंच बसून असतात. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून कपॅसिटर मोकळा करायची पद्धत दुकानांत दिसते. त्यात टोक वितळतं, कपॅसिटर बिघडतो, ठिणगी डोळ्यात जाते. काही किलोओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना लावून ठेवा, तो थोडा वेळ कपॅसिटरच्या दोन पायांना लावा, मग मल्टिमीटरनं शून्य बघा आणि मगच आयर्न टेकवा.

सिरीज बोर्डावर, म्हणजे दुरुस्तीच्या वस्तूशी एक बल्ब सिरीजमध्ये जोडणाऱ्या बोर्डावर, विसंबणाऱ्यांनाही एक सांगते. सिरीजचा बल्ब शॉर्ट झाल्यावर फ्यूज वाचवतो. माणसाला वाचवत नाही. त्याच्यातून येणारी वीज जीव घ्यायला पुरेशी असते. बॅटरीवर चालणारी सर्किटं सहा महिने केल्याशिवाय मी कुणालाही मेनच्या वस्तूला हात लावू देत नाही, आणि त्यावर मुलं रुसली तरी माझा निर्णय बदलत नाही.

बॅटरीच्या कामातही एक जपा: लिथियमच्या सेलवर थेट सोल्डर करू नका. तापला की त्याच्या आतला पडदा वितळून शॉर्ट होऊ शकतो आणि आग लागू शकते. पट्टी आधीच वेल्ड केलेला सेल मिळतो, त्या पट्टीला वायर जोडा. फुगलेली मोबाइलची बॅटरी तर टेबलावर आणूच नका.

काळजी घेऊनही चटका बसतोच. भाजलेली जागा लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, पाण्यानं धुवा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. आयर्न टेबलावरून घसरलं तर ते झेलायला हात पुढं करू नका, पडू द्या. नवं आयर्न आणता येतं. त्यासाठीच स्टँड जड हवा आणि वायर टेबलाच्या कडेवरून लोंबकळायला नको. अंगात सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी खोचलेली, पायात बंद बूट.

सरावासाठी झिरो पीसीबी आणि भंगारातल्या बोर्डांवरचे रेझिस्टर घ्या. तेच तेच लावा आणि काढा. शंभर जोड झाले की हाताला अंदाज येतो.

आता अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत, सहावी ते बारावीची मुलं तिथं आयर्न हातात धरतात. मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या खरेदीत नव्या किटच्या आधी प्रत्येक मुलासाठी एक गॉगल, खिडकीत एक पंखा, खोलीबाहेर साबण ठेवलेलं बेसिन आणि अर्थ तपासलेली सॉकेट एवढं करून घ्या.  आणि लॅबमधल्या प्रत्येक आयर्नचा प्लग मुलांनाच उघडायला लावा.