ऑपरेशन झाले, कळ राहिली



मणक्याचे ऑपरेशन नीट पार पडते, तरी काहींच्या पायात कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ येतच राहते. मग घरचेच म्हणतात, “आता कसलं दुखणं?” या प्रश्नाचे उत्तर समजून घेऊ या.

मणक्यातील सरकलेली चकती पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब आणते. ऑपरेशनने दाब निघतो. पण दीर्घकाळ दबलेली नस बरी व्हायला महिने लागतात, कधी ती पूर्ण बरी होतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेची स्वतंत्र नोंद आहे. एमआरआयमध्ये वेदना दिसत नाही. पण जे दिसत नाही ते नाहीच, असे म्हणणे तर्काला धरून नाही.

आजारी बंधुभगिनींनो, डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडेथोडे चाला. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर ताबडतोब इस्पितळ गाठा. मिस्सामध्ये गुडघे टेकवत नसतील तर निःसंकोच बसा.

संत पौलाने देहातील काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनविले. काटा राहिला, म्हणून त्याची श्रद्धा उणी होती, असे कोणी म्हणत नाही. आपणही कोणाला तसे म्हणू नये. बाकाची कडेची जागा त्यांच्यासाठी सोडावी, “आज कसं आहे?” असे विचारावे आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकावे.

आपला ख्रिस्तामध्ये,
प्रमुख धर्मगुरू