गेटवर चेहरा ओळखणारा कॅमेरा: खर्च किती, उपयोग किती?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या सभेत हल्ली हा विषय हमखास निघतो. लोहगाव विमानतळावर डिजियात्रेत चेहरा दाखवून आत जाता येतं, मग आपल्या गेटवर का नको? विचारणं रास्त आहे, पण ही दोन कामं वेगळी आहेत. विमानतळावर प्रवासी स्वतःहून नोंदणी करतो, कॅमेऱ्यासमोर क्षणभर थांबतो. गेटवर न थांबणाऱ्या माणसाचा चेहरा टिपून शेकडो चेहऱ्यांच्या यादीत शोधायचा असतो. अवघडपणा तिथे आहे, आणि खर्चही तिथेच.

आधी साधी व्यवस्था पाहू. चार मेगापिक्सेलचा बरा आयपी कॅमेरा साधारण तीन ते पाच हजारांना पडतो. सोळा कॅमेरे, एनव्हीआर (चित्रण साठवणारा रेकॉर्डर), स्विच, केबल, हार्ड डिस्क, यूपीएस आणि मजुरी धरून दीड ते अडीच लाखांत काम बसतं, वर १८ टक्के जीएसटी. डिस्कमध्ये कंजुषी करू नका. एका कॅमेऱ्याचं चित्रण दोन एमबीपीएसने साठवलं तर दिवसाला सुमारे २२ जीबी लागतात. सोळा कॅमेऱ्यांचं महिनाभराचं चित्रण दहा टीबीच्या पुढे जातं. कोटेशनमध्ये चार टीबीची एकच डिस्क दिसली, तर चोरी झाल्याचं पंधरा दिवसांनी कळेल तेव्हा हाती काही लागणार नाही.

चेहरा ओळखायचा म्हटलं की आकडा बदलतो. ही सोय असलेला एनव्हीआर काही हजारांनी महाग पडतो, ते परवडतं. स्वतंत्र सॉफ्टवेअर घेतलंत तर मात्र परवाना दर कॅमेऱ्यामागे आणि बऱ्याचदा दरवर्षी भरावा लागतो, शिवाय ग्राफिक्स कार्डाचा संगणक लागतो. तो एकटाच लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणून पहिल्या वर्षाची रक्कम पाहून होकार देऊ नका. पाच वर्षांचा एकूण खर्च, देखभाल करारासह, कागदावर मागा.

एवढं करूनही गेटवर निराशा होते ती जागेमुळे. कमानीवर बारा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्याला दिसतात टाळू आणि हेल्मेटं. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा खाली, जवळपास डोळ्यांच्या उंचीला हवा आणि त्याने तीन-चार मीटर रुंदीपुरतंच पाहावं. दोन मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. तेवढ्यात साडेतीन मीटर बसवले तर चेहऱ्याच्या वाट्याला ऐंशी-नव्वद पिक्सेल येतात. पूर्ण रस्ता मावेल असं चित्र ठेवलं की ते वीस-पंचवीसवर येतात, आणि त्यात सॉफ्टवेअर चाचपडतं. गेट पश्चिमेकडे असेल तर संध्याकाळी पाठीमागच्या उन्हात सगळे चेहरे काळे दिसतात. त्यासाठी डब्ल्यूडीआरचा, म्हणजे झगझगीत उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारा, कॅमेरा घ्यावा. आणि हे पुणं आहे. दुचाकीवर येणारी निम्मी माणसं हेल्मेटात नाहीतर डोळ्यांखालपर्यंत बांधलेल्या स्कार्फमध्ये असतात. जगातलं कितीही भारी सॉफ्टवेअर असो, झाकलेल्या चेहऱ्याचं त्याला पुरेसं काही मिळत नाही.

चुकांचा हिशेबही मांडा. विक्रेता ‘नव्व्याण्णव टक्के अचूक’ म्हणतो. दिवसाला दोन हजार ये-जा होत असतील तर उरलेल्या एक टक्क्यात रोज वीस चुका होतात. त्यातल्या काही धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या वाट्याला येतील, आणि ‘मशीन म्हणतंय’ म्हणून गेटवर उभं राहावं लागेल ते त्यांनाच. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत खटकतं ते हे: सभेत मतदान सभासद करतात, चेहरे मात्र कामवाल्या, वॉचमन, डिलिव्हरीवाले यांचेही घेतले जातात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

कायदाही आता आला आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३चा. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. माहिती नीट न सांभाळल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. चेहऱ्यांची यादी सोसायटी ठेवणार असेल तर जबाबदारीही सोसायटीचीच. विक्रेत्याकडे बोट दाखवून सुटका होणार नाही. संमती कशी घेणार, भाडेकरू घर सोडून गेला की त्याचा चेहरा कधी पुसणार, पासवर्ड कुणाकडे, हे ठराव करतानाच लिहून ठेवा.

माझं मत विचाराल तर बहुतेक सोसायट्यांना गेटवर हे नको. आत लॉबीत किंवा क्लबहाउसच्या दाराशी चेहऱ्याचं टर्मिनल लावा. ते साधारण आठ ते वीस हजारांत मिळतं, दाराचं कुलूप आणि वायरिंग वेगळं. माणूस स्वतःहून समोर उभा राहतो, म्हणून ते नीट चालतं. ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याला कार्ड द्यावं. गेटवर साधे, नीट लावलेले कॅमेरे आणि जागता वॉचमन पुरे.

तरीही गेटवरच हवं असेल तर तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून भाव काढा, तीन कोटेशनं घ्या आणि कॅमेऱ्याच्या मॉडेलला एसटीक्यूसी या सरकारी चाचणी यंत्रणेचं प्रमाणपत्र आहे का ते पाहा; एप्रिल २०२५पासून नव्या सीसीटीव्हींना सुरक्षा चाचणी सक्तीची आहे. प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या थंडगार शोरूममध्ये बघू नका. आपल्याच गेटवर, संध्याकाळी सातला, दुचाक्यांच्या गर्दीत घ्यायला लावा, आणि ते पार पडेपर्यंत शेवटचे वीस टक्के पैसे हातात ठेवा. बिल पक्कं घ्या. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.