परसातील बदकांचे तळे स्वच्छ व निर्धोक कसे राखावे

भातशेतीच्या प्रदेशात घराच्या परसात पाच-दहा बदके पाळणे हा किफायतशीर जोडधंदा आहे. बदक काटक असते, बरेचसे अन्न स्वतः शोधून खाते, आणि खाकी कॅम्पबेल जातीची मादी उत्तम निगेत वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. परंतु ज्या पाण्यात बदके आनंदाने विहार करतात, तेच पाणी कुजले तर सबंध कळप दोन-तीन दिवसांत हातचा जाऊ शकतो.

लहान तळे म्हणजे मोठे भांडेच

बदके पाण्यातच विष्ठा टाकतात, चोचीने काठ उकरतात व चिखल ढवळतात. मोठे तलाव ही घाण पचवू शकतात. मत्स्यपालनाबरोबर बदके पाळताना १ हेक्टर पाण्यावर २०० ते ३०० बदके ठेवण्याची शिफारस आहे. म्हणजे १ गुंठा पाण्यास दोन किंवा तीन. परसातील ८ फूट लांब व ६ फूट रुंद तळे हा गुंठ्याचा विसावा हिस्साही नव्हे. एवढे पाणी एका बदकाची घाणही पचवू शकत नाही. यास्तव अशा तळ्यास तळे न समजता भांडे समजावे, आणि भांड्याप्रमाणेच ते वरचेवर रिकामे करून घासावे.

जागा व बांधणी

तळे विहिरीपासून निदान ५० फूट दूर व उताराच्या खालच्या अंगास असावे. खोली सव्वा फूट पुरेशी आहे. तळ दगडी किंवा सिमेंटचा करून एका बाजूस सौम्य उतार ठेवावा, म्हणजे थकलेले बदक सहज बाहेर येईल. सर्वात खोल जागी बुचाची नळी बसवावी. काठाभोवती तीन फूट रुंद खडीचा पट्टा घातल्यास चिखल आत जात नाही. एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकते, म्हणून भोवती कुंपण अवश्य घालावे.

पाणी बदलणे

वरील मापाच्या तळ्यात सुमारे १,७०० लिटर पाणी मावते. ते आठवड्यातून किमान दोनदा बदलावे, तळ खराट्याने घासावा व महिन्यातून एकदा तो उन्हात पूर्ण वाळू द्यावा. यामुळे डासांची अंडी-अळ्यांची साखळीही तुटते. सोडलेले पाणी वाया जात नाही. ते केळी, नारळ व इतर फळझाडांस उत्तम खत आहे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस मात्र ते देऊ नये.

जेथे पाण्याची टंचाई आहे, तेथे तळ्याचा हट्ट धरू नये. बदकास डोळे व नाकपुड्या धुण्यापुरते, डोके बुडेल असे ५ ते ६ इंच खोल पाण्याचे पसरट भांडे पुरते. घाणेरड्या तळ्यापेक्षा रोज धुतलेले भांडे केव्हाही बरे.

मान लुळी पडण्याचा धोका

उन्हाळ्यात उथळ, साचलेल्या पाण्यात पालापाचोळा किंवा मेलेले प्राणी कुजले की एक प्रकारचे जंतू तेथे जहाल विष निर्माण करतात. ते पोटात गेलेल्या बदकाचे प्रथम पाय व पंख लुळे पडतात, नंतर मान उचलत नाही आणि पक्षी पाण्यातच बुडून मरतो. कोंबड्यांचा मानमोडी रोग याहून वेगळा आहे. मेलेल्या पक्ष्यावरील अळ्यांतही हे विष असते. त्या खाऊन इतर बदके दगावतात. असे लक्षण दिसताच सर्व बदके तळ्यापासून हलवावीत, सावलीत ठेवून ताजे पाणी पाजावे व मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. सौम्य बाधा झालेले पक्षी यामुळे बरे होऊ शकतात. मेलेले किंवा आजारी बदक कदापि खाऊ नये.

इतर दक्षता

दाणा पाण्यात टाकू नये. उरलेला दाणा कुजतो व उंदीर येतात. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड बदकांस विशेष घातक आहे. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नये. पिले पिसे फुटेपर्यंत पाण्यात सोडू नयेत. माद्या बहुधा सकाळी ९ पूर्वी अंडी घालतात, म्हणून त्यानंतरच खुराडे उघडावे. अंडी स्वच्छ राहतात. बदकाची अंडी नेहमी पूर्ण शिजवून खावीत.

रानबदके तळ्यावर उतरू देऊ नयेत, कारण त्यांच्यामार्फत बर्ड फ्लूचा प्रसार होऊ शकतो. भारतातील पाळीव पक्ष्यांत या रोगाची पहिली नोंद २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. एकाएकी अनेक पक्षी दगावल्यास त्यांस हात न लावता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

घरोघरी भेट देताना एक सोपी परीक्षा करून दाखवावी. पांढरी बशी तळ्याच्या तळाशी ठेवावी. ती वरून स्पष्ट दिसत नसेल, पाण्यास दुर्गंधी येत असेल किंवा हिरवी साय धरली असेल, तर पाणी त्याच दिवशी बदलावयास सांगावे. तसेच विहिरीचे अंतर प्रत्यक्ष मोजावे. ते कमी भरल्यास तळे हलवावे; विहीर हलविता येत नाही.