किती पाणी काढायचं?

डायलिसिसच्या मशीनला पेशंट दिसत नाही. आपण यूएफचा (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे काढायच्या पाण्याचा) जो आकडा भरू, तेवढं पाणी ते निमूट काढतं. म्हणून खरं काम सुया टोचण्याआधीच सुरू होतं.

आधी वजन. काटा शून्यावर आणा, पेशंटची चप्पल, स्वेटर, खिशातला मोबाइल बाजूला ठेवा. दर वेळी तोच काटा वापरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन डायलिसिसच्या मधे वाढलेलं वजन हे जवळजवळ सगळं पाणीच असतं.

मग पेशंटकडे वळा. रात्री किती उशा लागल्या? आडवं झाल्यावर धाप लागते का? जुलाब, उलट्या? लघवी किती होते? नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरा आणि खड्डा राहतो का पाहा. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचे पाय कोरडे दिसले तरी फसू नका. त्याची सूज कमरेखाली, माकडहाडापाशी सापडते. पेशंटला बसवून बीपी घ्या, जमत असेल तर उभं करूनही.

आता ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी निघाल्यावरचं वजन. हा आकडा डॉक्टर ठरवतात, पण फाइलवर लिहिला म्हणून तो कायमचा नसतो. समजा, पेशंट न्यूमोनियातून उठलाय, जेवण तुटलंय, दंड उतरलेत, आणि ड्राय वेट अजून 60 किलोच आहे. म्हणजे गेलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतली आहे. उलट, भूक परत आलेला पेशंट खरोखरच अंगाने भरतो. त्याला जुन्या आकड्यापर्यंत ओढलंत तर पोटऱ्यांत गोळे येतील. महिन्यातून एकदा तरी हा आकडा डॉक्टरांसमोर ठेवा. बायोइम्पिडन्स किंवा छातीची सोनोग्राफी असेल तर मदत होते, पण वरचे प्रश्न त्यामुळे टळत नाहीत.

हिशेब असा: ड्राय वेट 60, आजचं वजन 62.8. जादा 2.8 लिटर; शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाइन आणि मधला चहा मिळून 0.3. एकूण 3.1 लिटर. चार तासांत काढायचे तर तासाला 775 मिली, म्हणजे दर किलोमागे सुमारे 12.9. ताशी 13 च्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. 10 च्या आत राहिलं तर हृदयावर ताण कमी. ‘अर्धा तास आधी सोडा हो, एसटी चुकेल’ असं म्हणणाऱ्या याच पेशंटला लवकर सोडायचं तर वेग 14.8 वर जातो. त्याला हा आकडा दाखवा. नुसत्या ‘नाही’पेक्षा तो लवकर पटतो. चार तासांतही हिशेब बसत नसेल, तर वेळ वाढवायची की जादा डायलिसिस करायचं, हे डॉक्टरांना विचारा.

सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाने, नाजूक पेशंटचं दर पंधरा मिनिटांनी, बीपी आणि नाडी. मशीन पाणी रक्तातून काढतं. अंगातलं पाणी रक्तात उतरायला वेळ लागतो. वेग त्याच्यापुढे गेला की बीपी घसरतं. बीपीच्या आकड्याआधी चेहरा सांगतो: जांभया, घाम, बोलका माणूस एकदम गप्प. अशा वेळी आधी यूएफ थांबवा, डोकं खाली, पाय वर करा, ठरलेल्या सूचनेप्रमाणे 100 ते 200 मिली नॉर्मल सलाइन द्या. मधुमेही असेल तर साखर तपासा. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपू लागली तर तत्काळ डॉक्टरांना बोलवा. दिलेलं सलाइन हिशेबात धरा. डायलिसिस चालू असताना भरपेट डबा खाऊ देऊ नका. रक्त आतड्यांकडे वळतं आणि बीपी आणखी उतरतं.

संपल्यावर पुन्हा वजन, झोपून आणि उभ्याने बीपी. अपेक्षित वजनाशी मेळ बसला नाही तर कारण शोधा. पुढच्या खेपेला ‘घरी गेल्यावर दिवसभर पडून होतो’ असं म्हणाला तर तेही वहीत लिहा. ड्राय वेट बदलताना डॉक्टरांना ते लागतं. आणि वजन फार वाढून आलं तर पाण्याआधी मिठाची चौकशी करा: लोणचं, पापड, फरसाण. खारट खाल्लेल्याला ‘पाणी पिऊ नका’ सांगून काही साधत नाही.