नकळत पूर्वग्रह आणि रुग्णसेवा : एक अभ्यास

अहवाल वर्षातील रुग्णसंख्या व जमाखर्चाचे आकडे अन्यत्र दिलेच आहेत. आकड्यांत न मावणारा एक विषय येथे विश्वस्त, देणगीदार आणि आमच्या परिचर्या विद्यालयातील विद्यार्थ्यांपुढे नम्रपणे ठेवीत आहोत.

उघड भेदभाव ओळखता येतो. त्यावर कायद्याचा अंकुशही असतो. एचआयव्ही बाधितांना उपचारात दुजाभावाची वागणूक देण्यास २०१७ च्या अधिनियमाने मनाई केली आहे. परंतु सद्भावनेने काम करणाऱ्याच्या मनात त्याच्याही नकळत जी समजूत बसलेली असते, तिचे काय? अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील गौरवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी व निवासी डॉक्टरांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, यांसारख्या निराधार समजुतींपैकी एखादी तरी त्यांतील सुमारे निम्म्या जणांना खरी वाटत होती. अशा समजुती बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदनाही कमी लेखली. आपल्याकडे "कष्टकऱ्यांना दुखणे सोसण्याची सवय असते" असे आपण सहज म्हणून जातो, ते याहून फार वेगळे नाही.

मांडीचे हाड मोडल्याने दाखल झालेले एक वृद्ध शेतमजूर माकडहाडापाशी टोचते, असे दोन दिवस सांगत होते. पाळी बदलताना "बाबा कुरकुर करतात" एवढेच पुढे सांगितले गेले. केसपेपरवर "त्वचा लाल नाही" अशी नोंद होती. तिसऱ्या दिवशी तेथे शय्याव्रण उघडे झालेले आढळले. नोंद खोटी नव्हती. सावळ्या त्वचेवर आरंभीची लाली बहुधा दिसत नाही. शेजारच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम वा गार, कडक वा मऊ लागते काय, हे बोटांनी चाचपावे लागते. आम्ही शिकविताना वापरलेली चित्रे मात्र गोऱ्या त्वचेची होती.

चौकशीत आमचीही चूक हाती लागली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखावयाच्या असतात. त्याचा हिशेब सुलभ व्हावा म्हणून केसपेपरच्या माथ्यावर "निर्धन" हा शिक्का आम्हीच मारीत होतो. वॉर्डात रुग्णाच्या चेहऱ्याआधी तो नजरेस पडे. त्यामुळेच दुर्लक्ष झाले, असे सिद्ध करता येणार नाही. झाले नाही, असेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आता ही नोंद केवळ हिशेब विभागाच्या प्रतीवर असते.

विद्यालयाच्या पाठात पुढील बाबी समाविष्ट केल्या आहेत.

१) पाळी बदलताना रुग्णाच्या स्वभावाविषयी शेरा देऊ नये, काय पाहिले व रुग्ण काय म्हणाला, तेवढेच सांगावे.

२) वेदना शून्य ते दहा या मापात रुग्णालाच विचारावी. आकड्यांचा सराव नसल्यास कालच्यापेक्षा कमी की जास्त, हे विचारावे.

३) फिकटपणा पापणीच्या आत व जिभेवर, निळसरपणा ओठांच्या आत व जिभेवर पाहावा. काळ्या त्वचेच्या रुग्णांत पल्स ऑक्सिमीटर प्राणवायूचे प्रमाण प्रत्यक्षाहून अधिक दाखवू शकतो, हे २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. म्हणून यंत्राबरोबर श्वासाकडेही लक्ष असावे.

४) "हाच रुग्ण स्पेशल रूममध्ये असता तर मी असेच वागले असते काय?" हा प्रश्न स्वतःस विचारावा.

शिकविणाऱ्या सिस्टर, डॉक्टर आणि आम्ही कार्यालयीन मंडळीही या पाठास बसलो. त्या बाबांची जखम भरून आली. परंतु तोवर लांबलेल्या मुक्कामात त्यांची व सोबत राहिलेल्या मुलाची जी मजुरी बुडाली, तिचा आकडा आमच्या ताळेबंदात कोठेही नाही. तो येथे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटले.