‘प्रिन्सिपल’ : उच्चार एक, शब्द दोन

रजेचा इंग्रजी अर्ज लिहिताना आपल्यापैकी अनेकांची लेखणी पहिल्याच ओळीत अडखळते. ‘प्रिन्सिपल’ हा उच्चार असलेले दोन शब्द इंग्रजीत आहेत. कानाला ते एकच वाटतात. भेद केवळ अखेरच्या दोन अक्षरांचा. एक ‘ए-एल’ने संपतो, दुसरा ‘एल-ई’ने.

दोहोंचे मूळ लॅटिन भाषेतील ‘प्रिन्सेप्स’, म्हणजे ‘पहिला, अग्रणी’ या शब्दापर्यंत पोहोचते. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

‘ए-एल’चा शब्द विशेषण म्हणून आला, तर त्याचा अर्थ ‘प्रमुख’. नाम म्हणून आला, तर विद्यालयात प्राचार्य आणि कर्जव्यवहारात मुद्दल. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, प्रतिनिधी ज्याच्या वतीने काम करतो त्यालाही हाच शब्द योजला आहे.

‘एल-ई’चा शब्द मात्र नेहमी नामच असतो. त्याचा अर्थ तत्त्व अथवा सिद्धान्त. विज्ञानातील आर्किमिडीजचे तत्त्व आणि भारतीय संविधानाच्या चौथ्या भागातील राज्यधोरणाची मार्गदर्शक तत्त्वे, या दोन्ही ठिकाणी हाच शब्द आहे.

संभ्रम झाल्यास एक कसोटी लावावी. त्या जागी ‘तत्त्व’ हा शब्द ठेवून पाहावा. अर्थ जुळला, तर ‘एल-ई’. न जुळल्यास ‘ए-एल’. प्राचार्यांना अर्ज करताना ‘एल-ई’ लिहिले, तर आपण तो अर्ज एखाद्या तत्त्वाच्या नावे पाठवतो!

अर्जातील चूक गुरुजन लाल शाईने सुधारतील. कर्जाच्या कागदाचे तसे नाही. समजा, द.सा.द.शे. १० दराने १०,००० रुपये घेतले आणि वर्षाअखेर १,००० रुपये भरले. ते केवळ व्याजापोटी जमा झाले. मुद्दल १०,००० रुपये तसेच उभे राहिले. कर्ज घेणाऱ्याची समजूत मात्र होते, की हजार रुपये फिटले.

आपल्यापैकी अनेक जण घरात इंग्रजी वाचणारे पहिलेच आहेत. सुटीत घरी गेल्यावर वडील एखादी पावती पुढे करून विचारतील, “बाळा, यात काय लिहिले आहे?” तेव्हा भरलेली रक्कम ‘इंटरेस्ट’समोर आहे की ‘प्रिन्सिपल’समोर, हे नीट पाहून त्यांना सांगावे. या धड्याची खरी परीक्षा तीच होय.