साक्षांकन नमुन्यातला तो रकाना

औसा

चि. बाळास,

तू पाठवलेला भरतीच्या साक्षांकन नमुन्याचा फोटो मोठा करून पाहिला. अटक, खटला, दंड विचारलेल्या रकान्यात तू पेन्सिलीनं ‘नाही’ लिहिलंयस. शाई चढवण्याआधी मामाला विचारलंस, फार बरं केलंस. तो शब्द खोडून टाक.

सोयाबीनच्या भावासाठी तुळजापूर रस्त्यावर बसलात, जमावबंदी मोडली म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 135 लागलं, तू गुन्हा कबूल करून दंड भरलास. घरात सगळे म्हणतात, मिटलं. पण कबुली देऊन दंड भरला म्हणजे कागदोपत्री तू दोषी ठरलास. नोंद ठाण्यात आहे, कोर्टात आहे, आणि तुझी चारित्र्य पडताळणी करणारे पोलीसच आहेत.

लपवल्यावर काय होतं ते ऐक. दिल्ली पोलिसांच्या भरतीत संदीप कुमार नावाच्या मुलानं 1999 साली अर्ज केला. मारामारीच्या खटल्यातून तो आधीच निर्दोष सुटला होता, तरी अर्जात ते लिहिलं नाही. पुढे साक्षांकन नमुन्यात लिहिलं, पण तोवर उशीर झाला होता. निवड रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयानं पोरवयातली चूक म्हणून त्याला पदरात घेतलं, तेव्हा 2011 साल उजाडलं होतं. बारा वर्षं, बाळा! जिंकूनसुद्धा बारा वर्षं. तुला एवढी वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेलं मला बघवणार नाही.

खरं लिहिलं की वर्दी मिळेलच, असं मात्र मी म्हणणार नाही. 2016 च्या अवतार सिंग निकालात तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट सांगितलंय की खरं सांगणाऱ्याचाही पूर्वइतिहास तपासायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. त्याच निकालात तरुणपणी दिलेल्या घोषणांसारखी किरकोळ गोष्ट, लपवली असली तरी, माफ करायची मोकळीकही त्याला दिलीय. पण ती माफी साहेबांच्या हातात. तुझ्या हातात आहे तो फक्त हा रकाना. रस्त्यावर बसल्याची तुला लाज वाटायचं कारण नाही. बापाच्या मालासाठी बसलास. खोटं लिहिलंस तर मात्र प्रश्न रस्त्याचा राहत नाही, तुझ्या शब्दाचा होतो.

विचारलंय तेवढंच लिही: गुन्हा क्रमांक, कलम, निकालाची तारीख, दंडाची रक्कम. निकालाच्या नकलेसाठीचा अर्ज मी लिहून ठेवतो, सोमवारी सही करायला ये. दंडाची पावती ताईच्या पेटीत, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. ती घेऊन ये.

तुझा मामा